मॅटाडोरच्या मीटरची लाईट

शहापूर-मुरबाड पट्ट्यात गाडीचा डॅशबोर्ड ही वाचायची नव्हे, मांडायची जागा आहे. किन्हवलीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही जीपमध्ये डोकावून बघा. मधोमध गणपती नाहीतर एकवीरा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची फुलं, मागे निळ्या-लाल एलईडीची माळ, उदबत्तीचं घर, सुट्ट्या पैशांची चिकटवलेली डबी आणि काचेला टेकवलेली लग्नपत्रिका, जिची तारीख उलटून गेलेली असते. ह्या सगळ्याच्या मागे कुठेतरी कंपनीने दिलेली मीटरं असतात. त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही. डिझेल किती उरलंय ते शेवटचं कधी भरलं त्यावरून कळतं. वेग वाढलाय हे मागे बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या की कळतं. इंजिन तापलंय हे वासावरून ड्रायव्हरला आणि पॅसेंजरला एकाच वेळी कळतं, त्यात कुणाला पुढारीपण नाही.

त्यामुळे ‘मीटरमागचा दिवा लागत नाही’ ही तक्रार घेऊन माझा आतेभाऊ गावोगाव फिरू लागला, तेव्हा लोकांनी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

आतेभाऊ म्हणजे आमचा दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. निवृत्तीनंतर शिक्षक लोक सहसा घर बांधतात, दादाने घर विकत घेतलं ते चार चाकांचं. म्हणजे घेतली ती एक जुनी मॅटाडोर आणि तिचं घर करायला घेतलं. निमित्त वर्तमानपत्राचं. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्याची बातमी दादाने कापून ठेवली. बातमीत काय लिहिलंय हे वहिनींनी वाचलं नाही. ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं पाहूनच त्यांनी ओळखलं की फंडाचे पैसे आता घरात राहत नाहीत.

मॅटाडोर ही गाडी आमच्या पिढीला वेगळी सांगायला नको, पण पुढच्यांसाठी थोडं सांगतो. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, ती जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने. आधी तीनचाकी आली, मग 1969 मध्ये मॅटाडोर. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तोवर मॅटाडोर बनणं बंद झालेलं होतं. मधल्या काळात महाराष्ट्रात असं एकही काम नसेल जे तिने केलं नाही. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, भेंडीची पोती, वऱ्हाड, बँडवाले, बाळंतिणी, मतपेट्या, सगळं तिने वाहिलं. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या ओएम 616 जातीचं डिझेल इंजिन असायचं. दादाच्या गाडीत ते आहे. त्यामुळे दादा तिचा उल्लेख मॅटाडोर असा करतच नाही. “मर्सिडीज बाहेर काढतो,” म्हणतो. नवीन पाहुणे उठून खिडकीपाशी जातात आणि परत येऊन गप्प बसतात.

दादा तिला विंटेजही म्हणतो. केंद्र सरकारने 2021 मध्येच विंटेज वाहनांचे नियम केले. त्यांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूप राखलेली गाडी विंटेज ठरते. दादाच्या गाडीची 50 वर्षं भरायला अजून अवकाश आहे. मूळ रूपाचं म्हणाल, तर ते कसं होतं ह्याबद्दल आजवरच्या मालकांत एकमत नाही. तिने आधी दूध वाहिलं, मग शाळा, मग एका बँडपथकाचे ढोल आणि पितळी वाद्यं. प्रत्येक मालकाने तिला काहीतरी दिलं आणि जाताना परत नेलं नाही.

घर करण्याचं काम सुतारकाकांकडे गेलं. काकांचा हात बसलेला आहे तो दारं, चौकटी आणि देव्हाऱ्यांवर. गाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळली, पण बिचकले नाहीत. खाट केली, खाटेखाली पेटी केली, स्टोव्हला ओटा केला, भांड्यांना फळी केली. खाट बोल्टवर बसवली आहे, म्हणजे कुणी अधिकाऱ्याने विचारलंच तर ते सामान. पुढचा लोखंडी डॅशबोर्ड गंजून त्याची चाळण झाली होती. काकांनी तो काढून फेकला आणि त्या जागी सागवानाची अखंड फळी बसवली. मीटरच्या मापाचं भोक पाडलं, पॉलिश मारलं, कडेला वेलबुट्टी कोरली. शहापुरात ज्याने ज्याने ती फळी पाहिली त्याने हात फिरवून विचारलं, “साग आहे ना?” ह्या एका प्रश्नाने पुढचे कित्येक महिने मूळ दुखण्याकडे कुणाचं लक्ष जाऊ दिलं नाही.

दादा रात्री गाडी चालवत नाही. त्यामुळे मीटरमध्ये उजेड नाही हे कळलं ते म्हशाच्या जत्रेहून येताना. पौष पौर्णिमेला म्हशाला जत्रा भरते, मोठा बैलबाजार असतो, आणि घोंगडी घ्यावी तर तिथेच, असं आमच्याकडे मानतात. फिरत्या घराला घोंगडी हवी म्हणून दादा-वहिनी गेले आणि परतताना अंधारलं. दिवे लावले. रस्त्यावर उजेड पडला, मीटरमध्ये पडला नाही. म्हणजे अगदीच पडला नाही असंही नाही. नीट डोळे लावले तर आत विझत्या विडीइतका लाल ठिपका दिसे. एवढंच असतं तर दादा गप्प बसला असता. पण गाडी डिपरवर असताना मीटरमधला अपरचा निळा दिवा पेटे आणि अपर मारला की विझे. डाव्या वळणाचा इंडिकेटर दिला की बाहेरचा दिवा पेटायच्या वेळी आतला बाण विझे आणि बाहेरचा विझला की आतला पेटे. ह्या गोंधळात डिझेलचा काटाही जागा सोडून हले. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला माणूस, त्याला ही उघड उघड बेशिस्त सहन होईना.

मग सल्ले सुरू झाले.

पहिला अर्थातच जीपवाल्याचा. त्याने मीटर ह्या वस्तूबद्दलच आश्चर्य व्यक्त केलं. “काढून टाका आणि तिथं टेप बसवा. जागा बरोब्बर मापाची आहे.” ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितलं. आमच्याकडे गाडीचं काहीही बिघडलं की आधी बॅटरीवर संशय घेणं हा शिष्टाचार आहे, त्याचा राग मानायचा नसतो. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका वायरमनना दादा घरी घेऊन आला. त्यांनी चष्मा लावला, वाकले, “किती व्होल्ट?” विचारलं. बारा म्हटल्यावर सरळ उभे राहिले. उभी हयात अकरा हजारांच्या लाईनखाली गेलेला माणूस. बारा व्होल्टला लाईट म्हणायला ते तयार नव्हते. चहा मात्र घेतला. मंडप-डेकोरेशनवाल्याने निर्णय लगेच दिला: जुन्या वायरिंगची भानगडच नको, फळीच्या कडेने रंग बदलणारी पट्टी फिरवून देतो, गणपतीत उरलेली आहे. मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा बराच वेळ मीटरच्या मागे बोट घालून काहीतरी शोधत होता. रिसेटचं बटण शोधत होता, असं नंतर कळलं.

गाडीला नजर लागली आहे, हे निदान वहिनींच्या माहेरून फोनवरून आलं. खर्चाच्या मानाने तेच सर्वात वाजवी होतं. लिंबू-मिरची त्याच दिवशी लागली.

ह्या सगळ्यांत एक समान धागा होता, आणि तोच माझ्या मते ह्या प्रकरणातला बघण्यासारखा भाग. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता: “सप्लाय येतोय का?” फ्यूज बघा, स्विच बघा, बल्बपर्यंत करंट पोचतो का बघा. येणाऱ्याची चौकशी सगळे करत होते. आलेला करंट पुढे जातो कुठे, हे एकानेही विचारलं नाही.

फ्यूज बघण्याच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. जुन्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, पोटावर धातूची पट्टी असलेले फ्यूज असत, आठ अँपिअरचे आणि सोळाचे. दादाच्या गाडीत त्यांतले निम्मे सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळलेले निघाले. चांदी लावलेला फ्यूज कधी जळत नाही. फ्यूजचं काम स्वतः जळून वायर वाचवण्याचं. इथे फ्यूज अजरामर आणि वायरी हुतात्मा. फळीमागे हात घातला तर गाडीचा सगळा पूर्वेतिहास बाहेर आला. दूधवाल्याच्या काळातल्या पंख्याची वायर, शाळेच्या काळातल्या बझरची, बँडवाल्यांच्या काळातल्या टेपची, रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या गाण्याची, देवापुढच्या दिव्याची. शिवाय एक चोर स्विच. चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून असा स्विच लपवून बसवतात. हा इतका नीट लपवला होता की कोणत्या मालकाने बसवला आणि त्याने काय बंद होतं हे आजतागायत कळलेलं नाही. देवापुढच्या दिव्याची वायर मीटरच्या लाईटवर मारलेली होती. बहुतेक गाड्यांत ती तिथेच मारतात, कारण ती हाताला पहिली लागते.

रंगांवरून काही समजेल अशी दादाला आशा होती. त्याने कुठून तरी माहिती मिळवून वहीत दोन रकाने आखले. विलायती पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून सरळ आलेली, कायम जिवंत. आणि काळी म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजेच अर्थ, आणि बॅटरीकडून येते ती लाल. म्हणजे एका देशात जी हातात धरावी तीच दुसऱ्या देशात धरू नये. आपल्याकडच्या गाड्यांवर विलायतेचेही संस्कार आणि जर्मनीचेही. दादाची वही तयार झाली आणि फळीमागे बघतो तर तिसरीच पद्धत. दुकानात ज्या दिवशी ज्या रंगाची गुंडाळी असेल तो रंग. एक वायर स्टिअरिंगखालून निघताना हिरवी होती, मध्ये चिकटपट्टीच्या गाठीत शिरली आणि पलीकडून पिवळी होऊन बाहेर आली. दादाने वही मिटून बासनात ठेवली.

बल्ब मात्र नवे आणले. तीन वॅटचे, धसईहून. धसई हे मुरबाड तालुक्यातलं गाव डिसेंबर 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. आम्हीही बल्ब कॅशलेसच आणले. दुकानदार दादाचा विद्यार्थी, त्याने वहीत लिहून घेतले. नोटा न हाताळता व्यवहार करण्याची ही पद्धत त्या गावात, आणि आजूबाजूच्या सगळ्याच गावांत, 2016 च्या बरीच आधीपासून आहे.

बल्ब बदलूनही आत लाल ठिपकाच. तेव्हा कुणीतरी सरळगावच्या मिस्त्रींचं नाव काढलं. त्यांच्या टपरीला पाटी नाही. कल्याण-नगर रस्त्याने माळशेजकडे जाणाऱ्या ट्रकांचे दिवे बघणं एवढं एकच काम ते करतात. इंजिनाला हात लावत नाहीत. “तो विभाग वेगळा,” म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांनीही फळीवर हात फिरवला.

“साग आहे ना?”

दादाने मान डोलावली. मिस्त्री मात्र फळीवरचा हात उचलायला तयार नव्हते.

“गुरुजी, मीटर कशावर बसवलाय?”

“ह्याच फळीवर.”

“आणि आधी?”

“आधी पत्र्यावर होता. पत्रा गंजला होता.”

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला चिमट्याने लावलं आणि दुसरं फळीमागे नेऊन मीटरच्या पत्र्याला टेकवलं. मीटर लख्ख उजळला. डिझेलचा काटा जागेवर आला. निळा दिवा विझला, बाण बाहेरच्या दिव्याच्या तालावर आला. वायर काढली की पुन्हा अंधार आणि बंडाळी. लावली की शिस्त. दादाने त्यांना ते पुनःपुन्हा करायला लावलं. वर्गात विज्ञानाचा प्रयोग दाखवताना तो स्वतः असंच करत असे.

मग मिस्त्रींनी मल्टिमीटर काढला. दिवे लावून मीटरचा पत्रा आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजलं, तर नऊ व्होल्टच्या वर. तिथे शून्याच्या आसपास हवेत. मोटारीत बल्बला एकच वायर जाते, करंटने परत यायचं ते गाडीच्या लोखंडातून. मीटरला ते लोखंड स्क्रूमधून मिळायचं. आता स्क्रू सागवानात. करंट बल्बपर्यंत व्यवस्थित पोचत होता आणि पुढे जायला वाट नाही म्हणून मीटरच्या पत्र्यात येरझारा घालत होता. शेवटी जी फट सापडली तिच्यातून निसटत होता. अपरच्या निळ्या दिव्यात मागच्या बाजूने शिरायचं, हेडलाईटच्या तारेतून उतरायचं आणि तिथून बॉडी गाठायची. एवढ्याशा करंटने हेडलाईटच्या तारेला ऊबही येत नाही, पण निळा दिवा मात्र पेटतो. अपर मारला की निळ्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब, मग तो विझतो. बाणाचंही तसंच. म्हणजे बेशिस्त कुणाचीच नव्हती. जो तो नियमानेच वागत होता.

“सप्लाय सगळे बघतात,” मिस्त्री म्हणाले. “परतीची वाट कुणी बघत नाही.”

दादा शहापूर तालुक्याचा. तानसा त्या तालुक्यात, 1892 पासून मुंबईला पाणी देतोय. मोडकसागर तिथेच, भातसा तिथेच, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरही तिथेच. तो म्हणाला, “आमच्याकडे वेगळी तऱ्हा आहे. जायची वाट चांगली माणूस उभा राहील एवढ्या पाइपाची आहे. इकडे यायचीच टाकायची राहिली.” मिस्त्रींनी त्यावर काही म्हटलं नाही. तो विभागही वेगळा.

फळीमागे आणखी एक गोष्ट निघाली. मीटरला कंपनीने दिलेली अर्थची वायर होतीच. तिच्या टोकाचा लग नीट पुसलेला, आणि तो छानशा पितळी स्क्रूने सागवानात घट्ट पिळलेला. दादा थेट सुतारकाकांकडे गेला. काका शांत होते.

“लोंबकळत होती गुरुजी. बरं दिसंना. म्हणून बसवून टाकली.”

“काका, लाकडातून करंट जात नाही.”

“मग? सेफच झालं ना?”

ह्याला उत्तर नाही. काकांची बाजू घ्यायची तर सबंध घर त्यांनी लाकडात केलं ते राहणाऱ्यांना झटका बसू नये म्हणून, आणि आजवर कुणाला बसलेलाही नाही.

मिस्त्रींनी मीटरच्या पत्र्यापासून एक जाड वायर काढून खालच्या चासीवर नेली, पॉलिश पेपरने रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू दिलं, तिथे बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पैसे इतके कमी सांगितले की दादाला अपमान वाटला. महिनोन् महिने ज्याच्यासाठी हिंडलो त्या दुखण्याची किंमत एवढीच असावी हे त्याला पटेना. मग मिस्त्रींनी त्याच्या समाधानासाठी चांदीचे सगळे फ्यूज काढून नवे घातले आणि बिल जरा बऱ्यापैकी झालं.

मीटर दिसू लागल्याचे तोटे पहिल्याच रात्री लक्षात आले. चार्जिंगचा लाल दिवा पेटलेलाच असतो, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. वेगाचा काटा चाळीसच्या पुढे जात नाही. तो काट्याचा दोष की इंजिनाचा, ह्यावर घरात मतभेद आहेत. किलोमीटरचा आकडा बँडवाल्यांच्या काळापासून एकाच जागी उभा आहे. पूर्वी गाडी उत्तम होती. आता तिच्या तक्रारी उजेडात दिसतात आणि वहिनी त्या मोठ्याने वाचून दाखवतात.

श्रावणात दोघं माळशेजला गेले. घाटात ढग उतरलेले, पुढचं दिसेना, म्हणून रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून मुक्काम केला. धुक्यात मागून कुणी येऊन धडकू नये म्हणून दादाने पार्किंगचे दिवे चालू ठेवले. पार्किंगबरोबर मीटरची लाईट आपोआप लागते. नव्या बल्बांचा, पक्क्या अर्थचा झगझगीत उजेड थेट खाटेवर. वहिनींनी कूस बदलली, पदर तोंडावर घेतला, शेवटी उठून बसल्या.

“अहो, हे बंद कुठून होतं?”

मीटरचा उजेड कमी-जास्त करायची कळ गाडीत असते. ह्या गाडीतही होती. ती सुतारकाकांच्या फळीमागे गेली. वहिनींनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि मीटरवर टाकला. गाडीत अंधार झाला. दोघांना डोळा लागतो न लागतो तोच काचेवर टकटक झाली. बाहेर एक जीपवाला, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात टॉर्च. काच खाली केली तसं त्याने टॉर्च आत मारला, फळी बघितली, टॉवेल बघितला.

“गुरुजी, मीटरची लाईट गेली का? थांबा, माझ्याकडं टेस्टर आहे. आधी सप्लाय बघू.”